शिष्यवृत्ती हुकते ती कुठे?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत कटऑफ आणि कॅप राउंडची चर्चा सुरू होते. उत्पन्नाच्या दाखल्याचा विषय मात्र कोणी काढत नाही. मग प्रवेश झाल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, सेतू केंद्रावर एकच झुंबड उडते. दाखला नाही म्हणून अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून वर्षाची फी बापाच्या अंगावर. हुशार मुलामुलींची शिष्यवृत्ती अशी गेलेली मी पाहिली आहे. मार्क कमी पडून जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांपेक्षा कागद वेळेत न जमल्याने जाणाऱ्या मला जास्त डाचतात.

योजना नाहीत असं नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. खुल्या गटातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. केंद्राची एक योजना तर थेट बारावीच्या गुणांवर मिळते: आपल्या बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी 12 हजार रुपये. पण हिचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. म्हणून कुठली घ्यायची याचा हिशेब अर्ज भरण्याआधी घरी बसून करावा.

अर्ज भरला की पोरं सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं तर सांभाळायचं काम तिथून सुरू होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला क्लार्क कागद तपासतो, काही खटकलं तर शेरा मारून परत पाठवतो. गॅप सर्टिफिकेट जोडलेलं नाही, दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपली आहे, रेशनकार्डाचा फोटो वाचता येत नाही, असले ते शेरे. दुरुस्ती पाच मिनिटांची असते, पण विद्यार्थ्याने लॉगिन उघडलं तर! ज्या सायबर कॅफेत अर्ज भरला तिथल्याच माणसाचा मोबाइल नंबर दिलेला असेल, तर मेसेजही त्यालाच जातो. नंबर स्वतःचा द्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, हे मी ओळखीच्या प्रत्येक मुलाला सांगते.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती आधारपाशी. पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील, असं त्यांना वाटतं. डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात जमा होणारे पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि खाती अनेक असतील तर शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिथे. मध्येच कोणी मोबाइलवर नवं खातं उघडलेलं असतं, ते पुढे बंदही पडलेलं असतं आणि हप्ता तिकडे वळतो. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय, हे एकदा विचारून या.

वेळेवर मिळालेला पैसा काय करतो, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, ही अट होती.

आज अशी मदत मुलींच्या वाट्यालाही आली आहे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. या सवलतीने किती आईबापांना मुलीला इंजिनिअरिंगला, फार्मसीला पाठवायचा धीर येईल! तरीही प्रवेशाच्या खिडकीवर 'आधी पूर्ण फी भरा, नंतर परत मिळेल' असं सांगितलं, की शेतकरी बाप मुलीला घेऊन माघारी फिरतो. तिला तिथेच थांबवून माहिती देणारा एक माणूस प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या महिन्यात बसवायला हवा. प्राचार्यांनी मनावर घेतलं तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक टेबल, एक संगणक आणि सगळ्या योजना माहीत असलेला एक क्लार्क पुरतो.