एक्सेलमधला रिकामा रकाना

परवा शनिवारी मोहोळला घरी होतो. मे महिन्याची दुपार, लाईट गेलेली, आणि मोबाईलवर टीममधल्या एका ज्युनियरची एक्सेल शीट येऊन पडली. पोरगं सध्या ऑनसाइट आहे आणि यंदा 'जेन कॉन'ला निघालंय. खाली मेसेज, "दादा, तू जाऊन आलायस ना, जरा रिव्ह्यू कर." चार दिवसांत चौदा इव्हेंट. सकाळी आठ ते रात्री बारा, रंगीबेरंगी रकाने. जेवणासमोर लिहिलंय, 'बफर, २० मिनिटं'!

हसू आलं. कारण दोन वर्षांपूर्वी माझी शीट डिट्टो अशीच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेन कॉन म्हणजे टेबलावर बसून खेळायच्या खेळांची जत्रा. बोर्ड गेम, पत्ते, फासे, रोल-प्लेइंग, सगळं. गॅरी गायगॅक्सनं १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात ती सुरू केली, आणि त्या गावावरूनच हे नाव पडलं. (याच माणसानं पुढं डेव्ह आर्नेसनबरोबर १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला.) २००३ पासून ती इंडियानापोलिसला भरते. गुरुवार ते रविवार, २०२४ मध्ये सत्तर हजारांवर माणसं आणि हजारो इव्हेंट. इव्हेंटची तिकिटं साधारण मे महिन्यात खुली होतात. आपण आधीच विशलिस्ट करून अग्रक्रम लावून ठेवायचा, मग रांगेत जो नंबर लागेल त्याप्रमाणे जागा मिळतात.

आता हे असं काही दिसलं की आपल्यातला इंजिनियर जागा होतो. मी पण हिरवा, पिवळा, लाल करत चार दिवस काठोकाठ भरून टाकले. एक मिनिट वाया नाही!

खरं तर कॉलेजात आपण सगळेच हे शिकलोय. साध्या रांगेच्या गणितात, सर्व्हर ८० टक्के भरला असेल तर एका कामाला सरासरी त्याच्या स्वतःच्या वेळेच्या चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शंभराच्या जवळ गेलात की रांग हाताबाहेरच जाते. प्रॉडक्शनवर आपण हे कधी होऊ देणार नाही. मग सुट्टीवर गेल्यावरच का होऊ देतो?

आणि प्लॅन कोलमडायला तिथं मोठं कारण लागतच नाही. डब्यावर ९० मिनिटं छापलेली असतात, पण त्यात नियम समजावून सांगायची अर्धा तास बडबड धरलेली नसते, आणि "थांब थांब, मी जरा विचार करतो" म्हणणारा चौथा भिडूही नसतो. इव्हेंट कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, आजूबाजूच्या हॉटेलांत आणि पार लुकास ऑइल स्टेडियममध्ये विखुरलेले. पहिल्याच दिवशी माझा दुसरा इव्हेंट उशिरा संपला आणि तिसऱ्याला पोचेपर्यंत माझी जागा दुसऱ्याला गेलेली. उरलेले दिवस मी खेळलो कमी आणि धावलो जास्त.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे.

मोहोळचा माझा शाळासोबती तेव्हा शिकागोत होता. चार वर्षांनी भेटत होतो, जायचं ठरवलं होतं तेही त्यासाठीच. शनिवारी रात्री तो हॉटेलच्या लॉबीत एका टेबलाशी एकटाच बसला होता. सकाळी घेतलेला दोघांचा खेळ समोर मांडून ठेवलेला. "ये की, बस. एक डाव टाकू." मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटांत माझा इव्हेंट. म्हटलं, "उद्या नक्की रे." रविवारी सकाळी तो निघून गेला.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "अरे, त्याच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय. पोरगा तिकडचं सगळं आवरून परत यायलाय. तुला काहीच बोलला नाही?"

नाही. बोलणार कधी? माझ्या शीटमध्ये जागाच नव्हती. आणि ज्यासाठी मी उठून गेलो त्या खेळाचं नाव आज शीट उघडल्याशिवाय आठवत नाही.

आमचे अण्णा संक्रांतीला आम्हाला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, म्हणजे गड्ड्याला न्यायचे. मोहोळहून पस्तीसेक किलोमीटर, एसटीनं. ठरलेलं एकच, दुपारी संमती कट्ट्यापाशी अक्षता गाठायच्या. आणि हरवलं तर देवळाच्या दारापाशी उभं राहायचं. बाकी होम मैदानावर पाळणे, स्टॉल, भेटणारे पाहुणे आणि पिशवीतली भाकरी-शेंगाचटणी, सगळं वाट फुटेल तसं. यात्रा चुकली असं कधी वाटलं नाही. एक्सेल न शिकलेल्या माणसाचं कपॅसिटी प्लॅनिंग माझ्यापेक्षा कितीतरी बरं होतं :)

कुणी म्हणेल, एवढे डॉलर मोजून तिथं रिकामं बसायचं? तसं नाही. गाजलेले इव्हेंट भराभर भरतात, त्यामुळे जे मनापासून हवंय ते बुक कराच. पण दिवसाला एक. फार तर दुसरा छोटा. बाकी वेळ मोकळा राहिला तरी खेळायला तोटा नसतो. जेनेरिक तिकिटं जवळ ठेवायची, टेबलावर कुणी आलं नाही की त्या जागेवर बसायचं. जर्मनीत एसेनला १९८३ पासून 'श्पील' भरतं, तिथं तर रिकामी खुर्ची दिसली की बसायचं हाच मुख्य रिवाज. लोक चार दिवस मजेत खेळतात. आणि आपलं जाणं होणार नसेल तर तिकीट वेळेत परत करा. चौघांच्या टेबलावर एक जागा रिकामी राहिली की उरलेल्या तिघांचाही डाव बिघडतो.

आणि शीट करायचीच तर पहिला कॉलम खेळांचा नको. कुणाला भेटायचंय त्यांचा करा.

ज्युनियरला एवढंच कळवलं, "चौदातले नऊ उडव. कुठले ते तू ठरव." त्याचं उत्तर आलं, "दादा, सीरियसली?"

हो, सीरियसली.

मित्र आता मोहोळलाच असतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार वडिलांना घेऊन सोलापूरला डायलिसिसला जातो. त्यामुळे आमचा डाव रविवारी संध्याकाळी, त्याच्या ओट्यावर. तोच लॉबीतला खेळ. काका शेजारी खुर्ची टाकून बसतात, नियम माहीत नसताना दोघांनाही चाली सांगतात, आणि खेळ किती वाजता संपणार हे कुणी विचारत नाही.