टक्के सारखे, मोजपट्टी वेगळी

अकरावीच्या गुणवत्ता यादीत राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसईचे टक्के जसेच्या तसे लावणे हाच न्याय, हा दावा टिकत नाही. राज्य मंडळाने भाषांसह काही विषयांचे अंतर्गत गुण काढले, तेव्हा दहावीचा निकाल 2018 च्या 89.41 वरून 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर घसरला. अभ्यासक्रमही बदलला होता हे खरे. पण वर्षभरात मुलांची कुवत एवढी घसरत नाही. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले आणि निकालही वधारला.

पर्सेंटाइलचा उतारा ऐकायला सोपा. विद्यार्थी आपल्या मंडळात कितवा, एवढेच त्यात पाहतात. मात्र राज्य मंडळाच्या लाखो परीक्षार्थींत आश्रमशाळांतली मुलेही असतात, तर आयसीएसईच्या शाळा बहुतांशी शहरी, शुल्कही भरमसाट. दोन्हींकडचा नव्वदावा पर्सेंटाइल सारखा धरायचा, तर आधी दोन्ही गटच सारखे मानावे लागतात. जेईई मेनच्या क्रमवारीतही बारावीच्या अशाच पर्सेंटाइलने सामान्यीकृत गुणांना दिलेले 40 टक्के वजन 2017 पासून वगळले गेले.

उरते सामायिक परीक्षा. तीही प्रश्नपत्रिका कोणाच्या पुस्तकातून निघते यावर अवलंबून. 2021 ची अकरावी सीईटी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. ती केवळ राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली होती, हाही त्यातला एक आक्षेप होता.