शिशाची विषबाधा आणि दुधाचा प्रश्न

मुंबई शहरांतील म्हशींस मोकळी जागा मिळावी म्हणून सन १९४९ मध्यें गोरेगांवीं आरे दुग्धवसाहत वसविली गेली. परंतु सर्वच जनावरें कांहीं तेथें गेलीं नाहींत. आणि उपनगरांत जेथें गोठा, तेथून भंगाराची वखारही फारशी दूर नसते. मोटारीच्या फुटक्या बॅटरीची पत्री किंवा खरवडलेला जुना रंग जनावर चवीनें चाटतें व शिसें पोटांत जातें. मग वासरूं आंधळ्यासारखें भिंतीवर डोकें दाबतें, दांत खातें, त्यास झटके येतात; लोक म्हणतात, पिसाळलें. (तेंही असूं शकेल, म्हणून तोंडांत हात घालूं नये.)

यावर पशुवैद्य कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए नामक औषध शिरेंतून देतात. अशा औषधांस कीलेटिंग द्रव्यें म्हणतात. हें नांव खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून पडलें, व तें यथार्थ आहे. द्रव्य शिशास नांगींत धरून मूत्रावाटें बाहेर नेतें. तेव्हां, सर्व जनावरांस आधींच सुई टोंचून घ्यावी, असें कोणी म्हणेल. या मताशीं आम्ही सर्वथा असहमत आहों. घटसर्पाची लस महिनोन्महिने राखण करिते. हें द्रव्य कांहीं तासांत निघून जातें, आणि जातांना अंगास अवश्य असें जस्तही नेतें. जाळीदार पोटांत पडून राहिलेल्या तुकड्यांवर त्याचा इलाज चालत नाहीं. म्हणून पशुवैद्य मॅग्नेशियम सल्फेटही पाजवितात, त्यायोगें शिसें विरघळेनासें होतें. शिवाय ईडीटीएचें कॅल्शियमविरहित रूपही मिळतें. तें रक्तांतील कॅल्शियमच ओढून घेतें व जनावर दगावूं शकतें. दुकानांतून आणून घरीं टोंचण्याची ही वस्तु नव्हे.

खरी अडचण पुढेंच आहे. बाधित म्हशीच्या दुधांत शिसें उतरतें. म्हैस रवंथ करूं लागली, धारेस उभी राहिली, तरी हाडांत सांठलेलें शिसें कित्येक महिने रक्तांत झिरपत राहूं शकतें. आणि दूध उकळल्यानें तें जात नाहीं. पेंड व गवत विकत घेणाऱ्या मालकास हें दूध ओतून देणें जिवावर येतें, हें आम्ही जाणतों. तथापि रक्ताची व दुधाची तपासणी होऊन पशुवैद्यानें अनुमति दिल्याखेरीज तें लेंकरांच्या पोटांत जाऊं नये. मात्र हा सारा तोटा एकट्या मालकानें सोसावा हें न्याय्य नव्हे. तसें झाल्यास तो आजारच लपवील. दूध घेणाऱ्या सहकारी संस्थांनीं अशा जनावरांपुरता भरपाईचा निधि ठेवावा, व तपासणीचा खर्चही त्यांतूनच द्यावा.