वंशावळीत लेकींची जागा कोठे?

कोकणातील बहुतेक जुन्या घराण्यांनी आपली वंशावळ जपली आहे. कोणाकडे ती देवघरातील पेटीत मोडी कागदावर आहे, तर कोणाकडे छापील कुलवृत्तांताच्या रूपाने. मूळ पुरुष कोठून आला, वतन कसे मिळाले, कोणती शाखा गोव्याकडे गेली आणि कोणती मुंबईत स्थिरावली, हे सारे तीत सापडते. सात-आठ पिढ्यांचे पुरुष एकाखाली एक उभे असतात. पण त्याच घरात आयुष्य काढलेल्या एखाद्या सामान्य स्त्रीचा शोध घ्यावयाचे ठरविले, तर हे भक्कम दिसणारे कागद एकाएकी मुके होतात.

मालवण तालुक्यातील एखाद्या घरात 1890 च्या सुमारास जन्मलेली मुलगी घ्यावी. गावच्या कोतवाल बुकात तिच्या जन्माची नोंद अनेकदा केवळ बापाच्या नावाने, अमक्याला मुलगी झाली एवढीच असते. बारसे नंतरचे, त्यामुळे तिचे नाव त्या नोंदीत पोहोचतच नाही. पुढे लग्नात तबकातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव तिथेच मागे राही. एकाच बाईची दोन नावे, दोन आडनावे आणि दोन गावे. ती जुळविणारा कागद बहुधा नाहीच. त्यात या भागाचा भूगोल आणखी गुंता करतो. कुडाळची मुलगी मालवणात दिली की ती सावंतवाडी संस्थानातून इंग्रजी मुलुखात येई. पेडण्याची मुलगी पोर्तुगीज अंमलातून येई. माहेर आणि सासर यांत एका दिवसाची वाट, पण दप्तरे दोन राज्यांची. शिवाय मालवण तालुका 1 मे 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या दप्तराचा शोध ओरोसला थांबत नाही.

कुलवृत्तांत हे आपल्या समाजाचे खरोखर मोठे काम आहे. कोणाच्या अनुदानाशिवाय, घरोघर पत्रे पाठवून, पदरमोड करून ही पुस्तके सिद्ध झाली. मॉरीन पॅटर्सन या अमेरिकन विदुषीने 1968 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावनांचे कुलवृत्तांत हे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासले. परंतु या ग्रंथांतही स्त्री येते ती ‘प्रथम पत्नी’, ‘द्वितीय पत्नी’ म्हणून. पहिली कशाने गेली, बाळंतपणात की साथीत, हे क्वचितच कळते. लेकींची नावे सासरच्या गावासह दिलेली असतात, पण त्यांची मुले पुढे सापडत नाहीत. तिथे रेघ संपते.

हीच आपली परंपरा, असे म्हणून पुष्कळजण स्वस्थ बसतात. ते खरे नाही. तर्पण करणाऱ्यास केवळ बाप, आजा, पणजा यांचे नाव घेऊन चालत नाही. आई, आजी आणि पणजी यांचेही नाव घ्यावे लागते, आणि मातुल कुळातील आजोबा-आजींचेही. भाद्रपदात अविधवा नवमी तर केवळ स्त्रीसाठीच राखलेली आहे. धर्मकृत्याला जे नाव अडते, ते वंशावळीला अडले नाही, ही चूक परंपरेची नव्हे. वंशावळ लिहिणाऱ्यांची आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या म्हणूनच अधिक बोलक्या ठरू शकतात. यात्रेकरू घराणे आले की कोण कोण आले, कोणासाठी विधी केला, हे तिथे टिपून ठेवण्याची रीत होती. एखाद्या विधवा आजीने आयुष्यात एकदाच केलेली काशीयात्रा ही तिच्या नावाची एकमेव लेखी खूण असू शकते.

गावाच्या बोलण्यात मात्र तिचे माहेर टिकून राहिले. आचऱ्याहून आली ती आचरेकरीण, मसुऱ्याहून आली ती मसुरकरीण. पन्नास वर्षे सासरी राबूनही शेजारीण तिला तिच्या माहेरच्या गावानेच हाक मारी. कागदाने जे पुसले ते जिभेने राखले, परंतु ती जीभ आता ऐंशी-नव्वदीत आहे.

या किनाऱ्यावर ही उणीव अधिक खटकते, कारण येथील संसार स्त्रियांनीच चालविला. घरचा पुरुष मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर. तो गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी म्हणून यायचा. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1079 स्त्रिया होत्या, त्यामागे हेच मोठे कारण. भातशेती, आंब्या-काजूची राखण, सासू-सासऱ्यांचे आजारपण, पोरांची शाळा हे सर्व तिच्या शिरावर होते. खंड कोणाकडून किती आला, हे तिला तोंडपाठ असे. सातबाऱ्यावर नाव मात्र मुंबईच्या खोलीत राहणाऱ्याचे. तिच्या कर्तेपणाची खूण शोधायची तर मनीऑर्डरच्या पावतीवरील अंगठा किंवा मोडकी सही पाहावी. घरे पाडताना आणि माळे साफ करताना अशा पावत्यांची पुडकी रद्दीत जातात.

या प्रश्नाला भावनेपलीकडची एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, 2021 मध्ये चिपीचा विमानतळ आला. ज्या कातळाकडे कोणी बघत नव्हते, त्याला भाव आला. जमीन विकायची तर वारस तपास हवा आणि वारस तपासासाठी वंशावळ हवी. इतकी वर्षे पेटीत पडलेली वंशावळ अशी अचानक बाहेर येते, आणि नेमक्या याच वेळी तिच्यातून आत्या गळते, लग्न करून दिलेली बहीण गळते. प्रतिज्ञापत्रावर भावांचीच नावे असतात. कधी रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती नात्यासाठी मुकाट्याने सही करते. सही खुशीची असेल तर कोणाचे म्हणणे नाही. पण जिचे अस्तित्वच कागदावर लपविले, तिच्या खुशीचा प्रश्नच उरत नाही. त्याला सरळ भाषेत खोटी वंशावळ म्हणतात.

कायदा या बाबतीत संदिग्ध राहिलेला नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने लेक वारस ठरली, महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये तिला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायकत्व दिले, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तेरेखोलपलीकडे गोव्यात तर 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे विवाहित स्त्रीचा निम्मा हिस्सा आणि लेकींचे वारसपण वाटणीच्या कागदांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदले जात आले. मूळ तीच कुळे, तीच कुलदैवते. नदी ओलांडली की आजीचे नाव सापडते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडेही शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या रूपाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढविण्याची चळवळ केली होती. कोकणात तिचे वारे फारसे आले नाही.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. त्याने पुढच्या पिढ्यांची सोय झाली. मागच्यांची घरानेच करावयाची आहे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान आला. त्याच कोतवाल बुकांत, शाळेच्या जनरल रजिस्टरात, फेरफार नोंदींत आपल्या आज्यांच्याही खुणा आहेत. कोणत्या इयत्तेत शाळा सुटली, विधवा म्हणून वारस कधी लागली, हे तिथे वाचता येते.

नव्याने कुलवृत्तांत काढणाऱ्या मंडळांनी छापील पत्रकात दोनच रकाने वाढवावेत: सुनेचे माहेरचे संपूर्ण नाव व गाव, आणि लेकीची मुले. पुस्तक जाड होईल, छपाईचा खर्च वाढेल. वर्गणी थोडी अधिक घ्यावी. येत्या गणपतीत घरोघर चाकरमानी जमतील तेव्हा माजघरात बसलेल्या सर्वांत वृद्ध बाईकडून तिच्या आईचे, आईच्या आईचे नाव, त्यांची माहेरे, कोण कोणाच्या बाळंतपणाला गेली, हे वहीत उतरवून घेता येईल. एक दुपार पुरेल. मालवणीतच बोलू द्यावे आणि मालवणीतच लिहावे.