जोड नसलेला पैलवान

अमेरिकन मसल कार संपत आली, असे अलीकडे वरचेवर वाचायला मिळते. कारणे ठरलेली असतात. विजेवरच्या गाड्या आल्या, धुराचे नियम कडक झाले, लोकांना एसयूव्ही आवडू लागल्या. यातले एकही कारण खोटे नाही. पण मला वाटते, या गाड्यांचे भवितव्य त्याहून जुन्या दोन गोष्टींवर ठरणार आहे. एक म्हणजे कंपन्यांमधली चुरस आणि दुसरी म्हणजे गाडीचे वजन. चुरशीने या गाड्या जन्माला घातल्या, वजनाने त्यांना पोखरले, आणि हे वजन वाढवले तेही बऱ्याच अंशी त्याच चुरशीने.

मसल कार म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. मध्यम आकाराची, साधीसुधी, बहुधा दोन दारांची गाडी, तिच्या पोटात मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन, आणि किंमत मात्र पगारदार माणसाच्या आवाक्यातली. १९६४ साली आलेली पाँटिॲक जीटीओ या प्रकाराची मानाची गाडी समजली जाते. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा, मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटिॲकच्या लोकांनी ३८९ घनइंचांचे इंजिन ‘ग्राहकाने मागितल्यास’ या पळवाटेने बसवले आणि बाजार मारला.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आणली. किंमत २,३६८ डॉलर, आजच्या पैशात २४ हजार डॉलरच्या आसपास. वजन बाराशे किलोच्या आतबाहेर. पहिल्या वर्षातच चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. जनरल मोटर्सला गप्प बसणे शक्यच नव्हते. १९६६ च्या सप्टेंबरात त्यांनी शेव्हरोले कॅमॅरो उतरवली. या नावाचा अर्थ काय, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा कंपनीच्या माणसांनी हसत सांगितले की हा मस्टँग खाणारा एक छोटा, खुनशी प्राणी आहे. पुढे डॉज चॅलेंजरही मैदानात आली.

आपल्याकडच्या तालमीत एक शब्द आहे, ‘जोड’. पैलवान कितीही तगडा असला तरी त्याला तोलामोलाची जोड मिळाल्याशिवाय कुस्ती रंगत नाही आणि त्याची मेहनतही वाढत नाही. मस्टँगला कॅमॅरो ही जोड मिळाली, म्हणून दोन्ही गाड्या सुधारत गेल्या.

पण या कुस्तीत वजनगट नव्हते. समोरच्याने मोठे इंजिन बसवले की आपण त्याहून मोठे बसवायचे, एवढाच डाव. मोठे इंजिन म्हणजे जास्त लोखंड. ते पेलायला सांगाडा भक्कम हवा. वाढलेला वेग आवरायला मोठे ब्रेक, रुंद टायर, मोठा रेडिएटर हवा. या सगळ्याने गाडी जड झाली की ती पुन्हा सुस्तावते, मग आणखी ताकद हवी. १९७१ च्या मस्टँगमध्ये ४२९ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे, इंजिन मावावे म्हणून अख्खी गाडीच रुंद करण्यात आली. मस्टँग घडवून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या ली आयाकोका यांनाही हा लठ्ठपणा खटकत होता.

१९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे भडकलेले हप्ते आणि १९७३ च्या ऑक्टोबरातली अरब देशांची तेलबंदी यांनी त्या काळाचा शेवट केला. हे सगळे सांगतात. पण त्याच वेळी घडलेली एक गोष्ट चाहते कमीपणाने सांगतात. तेलबंदीच्या महिनाभर आधी फोर्डने मस्टँग टू ही गाडी आणली. आधीच्या गाडीपेक्षा दीड फुटाहून अधिक आखूड, दोनशे किलोंहून अधिक हलकी, आणि पहिल्या वर्षी व्ही-८ इंजिन औषधालाही नाही. शौकीन आजही तिला नाके मुरडतात. पण पहिल्याच मोसमात ती साडेतीन लाखांहून जास्त खपली. मस्टँग हे नाव आज जिवंत आहे त्यात या नावडत्या गाडीचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. वजन उतरवणारा पैलवान टिकला.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २००५ ची मस्टँग जुन्या रूपात परतली, २००८ मध्ये चॅलेंजर आली, २००९ मध्ये कॅमॅरो पुन्हा रस्त्यावर उतरली. तिरंगी सामना सुरू झाला. २०१० ते २०१४ अशी सलग पाच वर्षे अमेरिकेत कॅमॅरोने खपात मस्टँगला मागे टाकले. फोर्डने जिद्दीने नवी मस्टँग घडवली. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले, उजव्या स्टिअरिंगची गाडीही कारखान्यातूनच काढली. २०१५ साली अमेरिकेत १ लाख २२ हजार मस्टँग खपल्या. ती उजव्या स्टिअरिंगची मस्टँग २०१६ मध्ये आपल्याकडेही आली, अर्थात पासष्ट लाखांना. चुरस माणसाकडून काय करून घेते, याचा हा उत्तम नमुना आहे.

इथे माझ्या म्हणण्याला आडवी जाणारी एक घटना सांगितलीच पाहिजे. २०१६ च्या कॅमॅरोने खरोखरच वजन उतरवले, तब्बल नव्वद किलोंहून अधिक. वळणावर ती तिघींत सरस ठरली. तरी तिचा खप घटत गेला आणि अखेर तिचे उत्पादन थांबले. उलट दोन टनांच्या घरात जाणारी, जुन्याच सांगाड्यावर उभी असलेली चॅलेंजर २०२१ आणि २०२२ मध्ये मस्टँगच्याही पुढे गेली. मग लोकांना वजनाची पर्वा नाही, असे म्हणायचे का?

मला तसे वाटत नाही. कॅमॅरोच्या खिडक्या इतक्या अरुंद होत्या की बाहेरचे धड दिसत नसे, मागच्या सीटवर माणूस बसणे कठीण, आणि किंमतही वाढलेली. चॅलेंजरमध्ये चार माणसे आरामात बसत. ग्राहक जड गाडीवर भाळला नव्हता, तो रोज वापरता येईल अशा गाडीकडे गेला. त्यातून मी धडा घेतो तो असा की वजन उतरवताना गाडीचा उपयोग उतरवून चालत नाही.

डॉजने मात्र या यशाचा वेगळाच अर्थ लावला. २०१५ च्या हेलकॅटने ७०७ अश्वशक्ती दिली होती, २०२३ च्या डीमन १७० ने १,०२५ दिली. एवढी ताकद वापरायला शर्यतीची सरळ पट्टी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. तीनेक हजार कामगारांना सांगितले गेले की तिथे आता जीप बनेल. २०२५ मध्ये ते काम अमेरिकेतल्या इलिनॉयकडे वळवण्यात आले. गाड्यांच्या कुस्तीवर बोलताना या माणसांच्या चुली विसरू नयेत.

चॅलेंजरच्या जागी २०२४ मध्ये विजेवरची चार्जर डेटोना आली. ताकद ६७० अश्वशक्तीपर्यंत, इंजिनाचा आवाज कृत्रिम, आणि वजन सुमारे २,६५० किलो. आजची व्ही-८ मस्टँग जीटी १,७५० किलोंच्या आसपास आहे. म्हणजे एकाच वेगाने दोन्ही गाड्या धावल्या तर डेटोनाच्या अंगात दीडपट ऊर्जा असते. ती ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते, टायरला सोसावी लागते, आणि अपघात झाला तर समोरच्या छोट्या गाडीतल्या किंवा पायी चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी जानेवारी २०२३ मध्ये विजेवरच्या जड गाड्यांबद्दल नेमका हाच इशारा दिला होता. वीज वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ताकदीची जुनी खोड आणि बॅटरीचे ओझे एकत्र आले की गाडी रणगाड्यासारखी होते. पुढे डॉजलाही त्याच चार्जरची पेट्रोलवरची, सहा सिलिंडरची आवृत्ती आणावी लागली, पण हलकी तीही नाही.

मग आता मैदान मस्टँगलाच मोकळे झाले. जुन्या दोन्ही प्रतिस्पर्धी गेल्या म्हटल्यावर त्यांची गिऱ्हाईके मस्टँगकडे वळायला हवी होती. २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे ४४ हजार मस्टँग खपल्या, आदल्या वर्षीपेक्षाही कमी. त्याच वर्षी मस्टँगचेच नाव लावलेली विजेवरची मॅक-ई, जी खरे तर एसयूव्ही आहे, तिच्यापेक्षा जास्त खपली. जोड गेली तेव्हा प्रेक्षकही फडातून उठून गेले. दोन गाड्यांची तुलना, वाद, पैजा, यातूनच तर नवा ग्राहक तयार होत होता.

फोर्डने आता नवी जोड शोधली आहे. मस्टँग जीटीडी ही ८१५ अश्वशक्तीची गाडी जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंगवर सात मिनिटांच्या आत फेरी मारते. २०२५ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटने तिच्याहून कमी वेळ नोंदवला आणि दोन्हीकडच्या चाहत्यांना चेव चढला. बघायला मजा येते, मलाही आली. पण जीटीडीची किंमत तीन लाख डॉलरच्या पुढे आहे आणि भरपूर कार्बन फायबर वापरूनही तिचे वजन दोन टनांना टेकते. ज्या गाडीचा जन्म पगारदारासाठी झाला, तिची लढाई आता कोट्यधीशांच्या गॅरेजमध्ये चालली आहे. तिने मसल कार वाचेल यावर माझा विश्वास नाही.

हलकी गाडी बनवणे फार महाग पडते, असा आक्षेप येईल. ॲल्युमिनियम, कार्बन यांनी वजन उतरवायचे तर महाग पडते, हे खरे. पण आकार आणि इंजिन आवरून वजन उतरवायला ते साहित्य लागत नाही. टोयोटा जीआर ८६ ही २२८ अश्वशक्तीची गाडी १,३०० किलोंच्या आत आहे आणि अमेरिकेत तिची किंमत ३० हजार डॉलरच्या आसपास सुरू होते. खुद्द फोर्डच्या घरात चार सिलिंडरची मस्टँग आहे. ३१५ अश्वशक्ती, व्ही-८ पेक्षा शंभरेक किलोंनी हलकी, आणि सगळ्यांत स्वस्त. शौकीन तिला खरी मस्टँग मानत नाहीत. १९७४ मध्येही ते असेच म्हणत होते.

२०२५ मध्ये अमेरिकेने इंधन कार्यक्षमतेच्या नियमभंगाचा दंड शून्यावर आणला. त्यामुळे मोठ्या इंजिनांना पुन्हा मोकळे रान मिळेल आणि जुने दिवस परत येतील, अशी आशा अनेकांना वाटते आहे. मला त्यात १९७१ ची वाट दिसते. दंड गेला म्हणून गुरुत्वाकर्षण गेले नाही, आणि पेट्रोलचा भाव कायद्याला विचारून चढत नाही.

माझे मागणे साधे आहे. शेव्हरोलेने कॅमॅरो परत आणावी, डॉजने चार्जरची हडकुळी धाकटी बहीण काढावी, आणि तिघांनी पैज लावावी ती अशी: चार माणसे बसतील, वजन दीड टनाच्या आत राहील, किंमत कारखान्यातल्या फिटरला हप्त्याने झेपेल. या अटींत जो सर्वांत वेगवान तो जिंकला. अशी लढत झाली तर विशीतले पोर पुन्हा शोरूमच्या काचेला नाक लावून उभे राहील. नाही झाली, तर मस्टँग एकटीच मैदानात उभी राहील आणि एक दिवस तीही फक्त संग्रहालयात दिसेल.