अकरावीला गणित टाकण्यापूर्वी



दहावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात आणि चार दिवसांत घरोघरी एकच वाक्य कानी पडते, "गणित नको रे बाबा!" सायन्सचा मुलगा गणित टाकून जीवशास्त्रावर भर देतो. कॉमर्सची मुलगी गणिताऐवजी एस.पी. घेते. आईवडील म्हणतात, घेऊ द्या, मार्क तरी बरे पडतील. शिरूर असो वा दौंड, हेच ऐकू येते. पण सोळाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाने पुढची किती दारे बंद होतात, हे त्या घराला कोणी सांगत नाही. म्हणून आज हा विषय.

आपल्याकडे आकडा म्हटले की पुष्कळांना मटक्याचा आकडा आठवतो! त्या आकड्याने संसार बुडवले. आपण बोलतोय ते वेगळ्या आकड्याबद्दल, ज्याला विद्यापीठात संख्याशास्त्र म्हणतात. हे शास्त्र आपल्या माताभगिनी रोज चुलीपाशी वापरतात. शितावरून भाताची परीक्षा करतात. सगळे पातेले चाखावे लागत नाही. मात्र वरवरचे शीत दाबून भागत नाही, कारण तळाचा भात करपलेलाही असू शकतो. संख्याशास्त्र हेच शिकवते, की शीत कुठले घ्यावे, किती घ्यावीत आणि त्यावरून कितपत खात्रीने बोलावे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतातल्या पिकाचा अंदाज अशाच नमुना पद्धतीने कसा काढावा, यावर मोठे काम केले.

आता विचार करा. पाहणी करणारा गावठाणातली चार घरे विचारून परत गेला आणि नदीकाठच्या वस्तीत फिरकलाच नाही, तर कागदावर गाव सुखीच दिसणार. म्हणून शीत कोण निवडतो, हा आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी आकड्यांच्या आधारे दाखवले, की जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे आणि त्यावर उपाय उद्योगधंदे वाढवणे हा आहे. १९३२ मध्ये लोथियन मताधिकार समितीपुढे काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या अगदी थोडी दाखवली गेली. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी आपले स्वतंत्र टिपण जोडले. संख्या घटली की प्रतिनिधित्व घटते, हे ते जाणत होते.

जनगणनेचे उदाहरण घ्या. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. नुसता आकडा वाचणारा चक्रावून जाईल. १४ ऑक्टोबर १९५६ ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्याचा अर्थ लागेल. २०११ मध्ये देशातील ८४ लाखांवर बौद्धांपैकी ६५ लाखांवर महाराष्ट्रात होते. २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद होईल, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. त्या नोंदींचा अर्थ लावणाऱ्यांत आपली मुले असतील का?

आजकाल 'डेटा सायन्स'चा बोलबाला आहे. त्यात गूढ काही नाही. गणित, संख्याशास्त्र आणि संगणक यांची सांगड घालून लाखो नोंदींतून निष्कर्ष काढणे म्हणजे डेटा सायन्स. पण संगणक जुन्या नोंदींवरून शिकतो. ॲमेझॉन कंपनीने नोकरभरतीसाठी असा एक कार्यक्रम बनवला होता. तो बायकांचे अर्ज मागे टाकतो, असे आढळल्यावर कंपनीने तो सोडून दिला. ही बातमी २०१८ मध्ये बाहेर आली. पूर्वी पुरुषच जास्त घेतले होते, यंत्र तेच शिकले. उद्या कर्ज कोणाला आणि नोकरी कोणाला, हे यंत्र ठरवणार असेल, तर त्याची चूक पकडणारा आपल्यातलाही कोणी हवा.

यासाठी शिकायचे कुठे? शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंडचे कटारिया महाविद्यालय ही दोन्ही पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रवेशाआधी गणित व संख्याशास्त्र पदवीला कुठपर्यंत शिकवतात, हे ऑफिसात जाऊन विचारा. नसेल तर पुण्याची वाट आहेच. दौंडहून रेल्वे आहे, शिरूरहून एसटी आहे. विद्यापीठात १९५३ साली संख्याशास्त्र विभाग सुरू झाला. मूळचे कोल्हापूरचे प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी तो उभा केला. २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीमाईंचे नाव आहे. तिथे एम.एस्सी. करता येते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. आहे. आय.आय.टी. मद्रासने २०२० पासून डेटा सायन्सची पदवी घरी राहून शिकण्याची सोय केली आहे. तिला जे.ई.ई. लागत नाही आणि अनुसूचित जातींच्या व गरीब घरच्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत आहे.

पदवीनंतर लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा आहे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. बँका, विमा कंपन्या आहेत. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांतही माल तपासताना नमुनाच घ्यावा लागतो.

पालकांनो, खर्चाला घाबरू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह आणि तिथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, यांची माहिती आधी काढा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा.

आणि मुलांनो, गणितात मार्क कमी पडले म्हणजे डोके कमी, असे समजू नका. बहुतेकदा पाचवी ते आठवीतले अपूर्णांक आणि टक्केवारी कच्ची राहिलेली असते. ती सुट्टीत पक्की करून घ्या. विहारात संध्याकाळी तासभर बसायला जागा आहे, कॉलेजात शिकणाऱ्या दादा-ताईंनी शिकवायला बसावे. एका उन्हाळ्यात पुष्कळ फरक पडेल.

अर्जावर विषय लिहिण्यापूर्वी एवढा विचार कराच.