आपण चाहते की दलाल?

“हात फक्त नऊ इंची? हा कसला क्वार्टरबॅक!” अमेरिकेत एनएफएलच्या ड्राफ्टचा मोसम आला की चाहत्यांमध्ये अशीच चर्चा रंगते. बैलबाजारात दात बघतात, तशी. २०२० मध्ये जो बरोच्या हातांवर विनोद झाले. दुसऱ्याच मोसमात त्यानं सिनसिनाटीला सुपर बोलमध्ये नेलं. टॉम ब्रेडी ४० यार्ड धावला ५.२८ सेकंदांत. २००० च्या ड्राफ्टमध्ये तो १९९ वा निवडला गेला आणि पुढे सात सुपर बोल जिंकला.

लाइनमनला वजन लागतंच, मान्य. माझं भांडण टेपशी नाही, माणसाला टेपएवढंच करून टाकणाऱ्या भाषेशी आहे. कारण ती भाषा मैदानावर थांबत नाही. मेंदूच्या इजांची भरपाई ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची आकलनक्षमता मुळातच कमी होती, असं धरून चालणारं गणित वापरलं जायचं. ते थांबवायचं लीगनं कबूल केलं, तेही २०२१ मध्ये. घेताना इंचाचा आठवा भागही मोजायचा, भरपाई देताना मात्र कातडीचा रंग बघायचा!

बाजाराची भाषा बाजाराला लखलाभ. आपल्याला कुणी कमिशन देत नाही. बाविशीतल्या पोराबद्दल बोलायचंच असेल, तर आधी त्याचा एक सामना पूर्ण बघा.